बत्तीसशे लुकलुक

मीटरच्या काचेखाली बारीक आकडा आहे, बत्तीसशे.
अर्थ सांगितला मुश्ताकभाईनं, फ्रीजवाल्यानं:
तांबडा ठिपका इतक्यांदा लुकलुकला
की एक युनिट गेलं म्हणायचं.

एप्रिलचं बिल चार हजार एकशे सत्तर.
म्हणजे सत्तर साड्यांना फॉल,
बोटात सुई गेली ती वेगळी.

भुसावळात पारा पंचेचाळीसला टेकला की
कूलर हे घरातलं माणूसच होतं,
त्याला उपाशी ठेवता येत नाही.
तरी मी रात्री स्टूल घेऊन जिन्यात बसले,
मांडीवर कल्याणीची उरलेली वही.

सगळं चालू असताना: तीन सेकंदांना एक.
कूलर बंद: आठ सेकंदांना एक.
सिंधूताई जिना चढताना थांबल्या.
"काय मोजू राह्यली व एवढ्या रातचं?"
म्हटलं, नाडी.

आठ सेकंदांना एक, न थांबता, तासभर.
फ्रीज दमच घेत नव्हता.
दहाची नोट दारात धरली, दार लावलं, ओढली.
अलगद हातात आली.
तेवढ्याच फटीतून रोज
आतला गारवा बाहेर, बाहेरचा वैशाख आत,
आणि पैसे मी भरत होते.

मुश्ताकभाई म्हणाला, नवं रबर साडेचारशे,
आधी कढत पाण्यानं शेकून तर बघा, भाभी.
शेकलं.
रातपाळीहून आलेल्या लीलाधरची मान शेकते तसंच,
फडकं पिळून, कोपऱ्याकोपऱ्यात दाबून.
दुसऱ्या दिवशी नोट दारात फाटली,
पण सुटली नाही.

कूलर आतल्या खोलीत होता,
घरातलीच दमट हवा चघळत.
त्याला खिडकीत नेला, तोंड आत, पाठ बाहेर,
समोरचं दार वीतभर उघडं.
आता एकवर चालतो, तरी पहाटे चादर लागते.

लीलाधर हसला.
"मी तिथं रात्रभर पट्ट्यावर कोळसा चढवतो,
तू इथं दिवे विझवत बसते.
कोणाचं काम कोण उसवतंय?"
म्हटलं, शिलाईचं काम आहे माझं,
चुकलेलं उसवल्याबिगर नीट होत नाही.

दीपनगर आमच्यापासून हाकेवर.
वीज तिथं जन्मते, डोक्यावरच्या जाड तारांनी
कुठल्या कुठे जाते,
आणि आमच्याकडे येते ती कागद होऊन.

एका रात्री सगळंच बंद केलं.
पंखा, फ्रीज, देव्हाऱ्यातला छोटा बल्बसुद्धा.
तरी दीड मिनिटानं एक लुकलुक.
कोण जागं आहे अजून?
घरभर अंधारात फिरले.
टीव्हीखाली डबा, त्याचा हिरवा डोळा.
बघणारं कोणी नाही, हा आपला उघडाच.
पिन उपटली.
मग दोनशेपर्यंत मोजलं, तीनशेपर्यंत.
मीटर गप्प.
इतकं गप्प घर मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

गच्चीवर गेले.
लांब चिमणीच्या शेंड्यावर तांबडा दिवा,
लागतोय, विझतोय.
खाली कुठेतरी लीलाधर,
नाकावर रुमाल, पापण्यांवर काळी पूड.
त्या लुकलुकीचा हिशेब
कोणत्या वहीत मांडायचा, मला कळेना.
वही तशीच घेऊन खाली आले.

मेचं बिल दोन हजार नऊशे ऐंशी.
मे! जीव भाजणारा मे!
त्यानं दोनदा वाचलं, घडी घातली,
खिशात ठेवलं, मला दिलं नाही.
ठेक्यावरच्या बाकीच्या पोरांना दाखवायचं असणार.

त्या रात्री पाळीला निघताना
डबा घेतला, कळण्याची भाकर नि ठेचा,
आणि दाराशी येऊन
स्वतःच्या हातानं ओट्यावरचा दिवा बंद केला.
पंधरा वर्षांत पहिल्यांदा.
अंधारातच चपला घातल्या,
एक त्याची, एक माझी,
आणि तसाच फाटकापर्यंत गेला.

परत आला.
दिवा नाही लावला.
पायानंच चाचपत राहिला बराच वेळ.